‘सायकलवरून पडला’ एवढेच लिहू नका

आठवडी बाजाराचा दिवस म्हणजे आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांची परीक्षाच असते. २०२२ सालची दिवाळी तोंडावर आली होती. कापूस वेचणीचे दिवस. उमरीतल्या माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात चार माणसांनी चाळिशीतल्या एका शेतमजुराला ऑटोतून उतरवले. कपडे मातीने भरलेले, कपाळावर जखम, उजवा हात कोपराच्या खाली वाकडा झालेला. बोलणे थोडे अडखळत होते.

“काय झाले?” मी विचारले.

“सायकलीवरून पडला, साहेब,” गर्दीतून कोणीतरी सांगितले.

मी हाताला फळी बांधली, कपाळाची जखम धुऊन पट्टी केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि चिठ्ठी लिहिली : ‘सायकलवरून पडून मार. उजवा हात फ्रॅक्चर. पुढील उपचारासाठी नांदेडला पाठवीत आहे.’ चिठ्ठी त्याच्या भावाच्या हाती दिली आणि पुढचा रुग्ण बोलावला. आपण आपले काम नीट केले, असेच मला त्या दिवशी वाटले.

तीन महिन्यांनी त्याची बायको दवाखान्यात आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, ह्यांना टेम्पोनं मागून उडविलं होतं. टेम्पोवाला थांबला बी नाही. आता मदतीचा अर्ज द्यायचाय, तर कागद बघून म्हणायलेत, टेम्पो कुठंय? तुमच्या चिठ्ठीवर तर निस्तं ‘पडला’ म्हणून लिवलंय.”

मी चिठ्ठी पाहिली. अक्षर माझेच होते.

पुढच्या रुग्णालयातल्या केसपेपरवरही तेच वाक्य होते. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या चिठ्ठीवरून ते उतरवून घेतले होते. रुग्ण स्वतः तेव्हा गुंगीत होता. बरोबरचा भाऊ अपघाताच्या वेळी हजर नव्हता. ज्यांनी टेम्पो डोळ्यांनी पाहिला ते बाजारकरी आपापल्या गावी निघून गेले होते. मी नंतर खुलासा लिहून दिला. पण अपघाताच्या दिवशीची नोंद आणि तीन महिन्यांनंतरचा खुलासा यांचे वजन सारखे नसते. त्या कुटुंबाच्या पदरात काही पडले नाही. तो माणूस आजही माझ्याकडे येतो. हाड जुळले, पण हात पूर्ण उताणा होत नाही. पेरणीला बी घ्यायचे तर उजव्या हाताची ओंजळ होत नाही.

वाचकहो, या सदरात मी एरवी आजारांविषयी लिहितो. आज दवाखान्याच्या कागदाविषयी लिहिणार आहे. कारण सायकलच्या अपघातात औषधाइतकेच त्या कागदावर अवलंबून असते, हे मला फार उशिरा कळले.

एका अपघाताचे दोन क्रमांक

पत्राला जसा पिनकोड, तसा प्रत्येक आजाराला आणि दुखापतीला जगभर एक ठरलेला क्रमांक असतो. फ्रान्समधील झाक बर्तियों या संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी तयार केली आणि १८९३ साली ती शिकागो येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेपुढे मांडली. त्या यादीचे सुधारित रूप १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी आपल्याकडे दहावीतलेच क्रमांक अधिक ओळखीचे आहेत, म्हणून मी तेच सांगतो.

अपघाताच्या रुग्णाला या पद्धतीत दोन क्रमांक द्यावे लागतात. पहिला ‘काय झाले’ याचा. मेंदूची दुखापत एस ०६, पोटातल्या अवयवांची एस ३६, कोपराखालच्या हाडाचे फ्रॅक्चर एस ५२. दुसरा ‘कशामुळे झाले’ याचा. सायकलस्वारासाठी हे क्रमांक व्ही १० ते व्ही १९ असे आहेत.

ते पाहिले की आपला रस्ताच डोळ्यांसमोर येतो. सायकल पादचाऱ्यावर किंवा जनावरावर आदळली तर व्ही १०. दुसऱ्या सायकलीवर आदळली तर व्ही ११. मोटारसायकल किंवा ऑटोरिक्षाशी टक्कर झाली तर व्ही १२, कार, जीप किंवा पिकअपशी झाली तर व्ही १३, ट्रक किंवा एस.टी. बसशी झाली तर व्ही १४. आगगाडी असेल तर व्ही १५ आणि बैलगाडी असेल तर व्ही १६. खांब, भिंत, झाड यांना धडक म्हणजे व्ही १७. कोणाचाही धक्का न लागता आपला आपण पडला तर व्ही १८. आणि काहीच नीट कळत नसेल तर व्ही १९.

पुढे टिंब देऊन आणखी एक आकडा येतो. अपघात सार्वजनिक रस्त्यावर झाला आणि जखमी माणूस सायकल चालवीत होता, तर ४. तो कॅरिअरवर किंवा दांडीवर बसलेला होता, तर ५. म्हणजे रस्त्यावर ट्रकने ठोकरलेला सायकलस्वार हा व्ही १४.४ आणि त्याच्या मागे बसलेली मुलगी व्ही १४.५.

मी ज्याला ‘सायकलवरून पडून मार’ म्हटले तो त्यामुळे व्ही १८ झाला. प्रत्यक्षात टेम्पोची धडक होती. जखम तीच, हाड तेच, पण एका शब्दाने अपघाताची जातच बदलली. आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यात असे क्रमांक कोणी लावीत नाही. ते काम मोठ्या रुग्णालयाच्या नोंद विभागात होते. तिथल्या माणसाने रुग्णाला पाहिलेले नसते. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. कागदावर टेम्पो नसेल तर त्याने तो आणायचा कोठून?

कागदावर पैसे आणि न्याय कसे अवलंबून असतात

धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडत नसेल, तर मोटार वाहन कायद्याखाली सरकारकडून भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये आहे. त्याआधी ती अनुक्रमे २५ हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज तालुक्यातील महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो. वाहन सापडले असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. दोन्हीकडे उशीर करू नये.

‘गंभीर दुखापत’ हा शब्द कायद्याचा आहे. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे हे त्यात बसते. भारतीय न्याय संहितेत पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे किंवा नेहमीचे काम करता न येणे हेही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच मुदत वीस दिवसांची होती. म्हणजे ‘हाताला मार’ आणि ‘उजव्या हाताच्या दोन्ही हाडांचे फ्रॅक्चर’ या दोन वाक्यांत गरीब माणसाचे पन्नास हजार असतात.

५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची आणखी एक योजना सुरू झाली आहे. रस्ते अपघातातील जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची तीत तरतूद आहे. पण ती मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातासाठी आहे. ‘सायकलवरून पडला’ असे लिहिलेला माणूस तिथेही दाराबाहेर राहण्याची भीती असते.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टीही नोंदीतच असतात

कोणी म्हणेल, हे सगळे कोर्टकचेरीचे झाले. डॉक्टरचे काम रुग्ण बरा करण्याचे. तर मग दुसरा अनुभव सांगतो.

वरील प्रसंगानंतर वर्षभराने एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याचे वडील घेऊन आले. ढोपर खरचटले होते. “किरकोळ पडलाय, मलम द्या,” म्हणाले. एव्हाना मी शहाणा झालो होतो. मी मुलालाच विचारले, “बाळा, पडलास कसा?” तो म्हणाला, सायकल खड्ड्यात गेली, हॅण्डल फिरले आणि पोटात घुसले. सदरा वर करून पाहिला तर बेंबीच्या वर, उजव्या बाजूला, रुपयाएवढा गोल लाल वळ होता. मुठीवरचे रबर निघालेले, उघडी नळी पोटात रुतलेली. पोट दाबले तर मूल कळवळले.

मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘सायकलच्या हॅण्डलची नळी पोटात लागली आहे. गोल वळ आहे. आतील इजा आहे का पाहावे.’ नांदेडला सोनोग्राफी झाली. यकृताला चीर गेलेली निघाली. शस्त्रक्रिया लागली नाही, पण मुलाला काही दिवस देखरेखीखाली ठेवावे लागले. ‘पडून मार’ एवढेच लिहिले असते तर ढोपराला मलम लावून पोर घरी गेले असते.

मुलांच्या पोटाची भिंत पातळ असते. हॅण्डलचा मार यकृत, प्लीहा, स्वादुपिंड आणि आतड्यापर्यंत पोचतो. वरून जखम दिसत नाही आणि पोटदुखी, उलट्या, ताप ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. म्हणून ‘हॅण्डल लागले’ हे दोन शब्दांचे सत्य आईबापांनी आपण होऊन सांगावे.

तसेच चाकात अडकलेल्या पायाचे. कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलाची टाच मागच्या चाकाच्या तारांत सापडते. पहिल्या दिवशी नुसते कातडे सोलल्यासारखे दिसते. पण आत मांस चिरडलेले असते आणि दोनतीन दिवसांनी कातडे काळे पडू लागते. ‘टाचेला जखम’ असे लिहिले तर पट्टी होते. ‘चाकात अडकून टाच चिरडली’ असे लिहिले तर एक्सरे होतो आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावले जाते.

तिसरी गोष्ट शुद्धीची. आपण ‘बेशुद्ध होता’, ‘गुंगीत होता’ असे मोघम बोलतो. १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी यासाठी एक साधे मोजमाप दिले. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हातापायांच्या हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. पूर्ण शुद्धीतला माणूस १५, अगदी निपचित पडलेला ३. उमरीहून निघताना रुग्णाचे गुण १४ होते आणि नांदेडला पोचल्यावर ११ झाले, तर त्याच्या डोक्यात रक्तस्राव वाढतो आहे अशी शंका डॉक्टर ताबडतोब घेतात. पण निघतानाचे १४ कोणी लिहिलेच नसतील, तर ‘आधीपासून असाच असेल’ असे समजून मोलाचा वेळ जाऊ शकतो. त्या शेतमजुराच्या चिठ्ठीवर मी हे गुणही लिहिले नव्हते. तो वाचला हे त्याचे नशीब.

मृत्यूचा दाखला

दुर्दैवाने रुग्ण दगावला तर मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याखाली त्याचा ठरलेला नमुना आहे. पुष्कळदा त्यात ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ असे लिहिले जाते. वाचकहो, मरताना हृदय सर्वांचेच बंद पडते. ते कारण नव्हे. नमुन्यात पायरीपायरीने खाली जायचे असते. मेंदूत रक्तस्राव, तो कवटी फुटल्याने, कवटी फुटली ती रस्त्यावर सायकल चालवीत असताना ट्रकने धडक दिल्याने. सर्वांत खालची पायरी हे मूळ कारण. त्याच नमुन्यात ‘इजा कशी झाली’ असा वेगळा प्रश्न आहे. तो कोरा ठेवू नये.

मोजल्याशिवाय रस्ता सुधारत नाही

१९३५ साली इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकले गेले आणि डोक्याच्या माराने सहा दिवसांनी वारले. त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. ते हळहळून थांबले नाहीत. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या, हेल्मेट घातलेले आणि न घातलेले वेगळे केले आणि १९४१ साली निष्कर्ष छापले. ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. केसपेपरवर ‘मोटारसायकलवरून पडला’ एवढेच असते तर केर्न्सना काय कळले असते?

आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत शंभरामागे सुमारे तीन सायकलस्वार होते. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, सरकारी आकडा १,५३,९७२ होता आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र दोन लाखांच्या वर गेला. मधली हजारो माणसे कागदावर आलीच नाहीत.

मराठवाड्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. वाड्यावस्त्यांवरच्या मुली शाळेत जाऊ लागल्या ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच मुली सकाळ-संध्याकाळ ट्रक, पिकअप आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या शेजारून जातात. एखाद्या वळणावर वर्षात पाच मुली गाड्यांच्या धक्क्याने पडल्या आणि पाचही ठिकाणी ‘सायकलवरून पडली’ असे लिहिले गेले, तर त्या वळणावर गतिरोधक मागायचा कोणत्या आधारावर? कागद म्हणेल, मुलींनाच सायकल चालवता येत नाही.

कागदावर काय असावे

त्या बाई येऊन गेल्यानंतर मी सात प्रश्न लिहिलेला एक कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली लावला आहे. माझ्या व्यवसायबंधूंना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण कोणाला उपयोग होईल म्हणून ते येथे देतो.

१) अपघात कोणत्या तारखेला, किती वाजता आणि नेमका कोठे झाला?

२) कोणाशी टक्कर झाली? वाहन कोणते, धक्का मागून, पुढून की बाजूने? वाहनाचा क्रमांक कोणी सांगितला तर तो.

३) जखमी सायकल चालवीत होता की मागेपुढे बसला होता?

४) ही हकीकत कोणी सांगितली? त्याने स्वतः पाहिले की ऐकले?

५) शुद्धी किती? १५ पैकी गुण आणि तपासणीची वेळ. मधे बेशुद्ध झाला होता का, उलटी झाली का?

६) जखमा कोठे, उजव्या की डाव्या बाजूला, किती सेंटिमीटर? हाड मोडल्याची शंका आहे का?

७) पोलिसांना कळवले का?

यात एक पथ्य आहे. डॉक्टरने अपघात पाहिलेला नसतो. म्हणून ‘टेम्पोने उडवले’ असे आपल्या पदरचे न लिहिता ‘रुग्णाच्या (किंवा अमुक नातेवाइकाच्या) सांगण्याप्रमाणे टेम्पोने मागून धडक दिली’ असे लिहावे. भरपाई मिळावी म्हणून नसलेले वाहन कागदावर उभे करणे हा गुन्हा आहे. अशी विनंतीही कोणी करू नये. जो खरोखर आपला आपण पडला, त्याच्या कागदावर तसेच यावे.

नातेवाइकांनी काय करावे

आधी उपचार, मग कागद. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असे कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच तसे बजावले आहे. जखमीला घेऊन येणाऱ्या परक्या माणसाने घाबरू नये. त्याला त्रास होऊ नये यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने खास कलम घातले आहे. पण जाण्यापूर्वी त्याने पाहिलेले चार शब्द डॉक्टरला जरूर सांगावेत. माझ्या त्या रुग्णाच्या बाबतीत नेमके तेच घडले नाही.

चिठ्ठी हातात पडली की वाचून पाहा. वाचता येत नसेल तर डॉक्टरला सरळ विचारा, “साहेब, कसं लागलं ते लिहिलंय का?” आम्ही रागावणार नाही. एखादा रागावलाच तर रागावू द्या, पण विचारा. चूक असेल तर त्याच दिवशी, त्याच डॉक्टरकडून, सही-तारखेसह दुरुस्त करून घ्या. सर्व कागदांच्या झेरॉक्स प्रती घरी ठेवा. मूळ कागद कोणालाही पोच घेतल्याशिवाय देऊ नका. मोडकी सायकल लगेच दुरुस्त करू नका. पोलिसांनी पंचनामा करेपर्यंत तशीच ठेवा.

आणि अपघात होऊच नये म्हणून थोडेसे. हॅण्डलच्या मुठीवरचे रबर गेले असेल तर आजच नवे बसवा. पाचदहा रुपयांच्या रबराने पोट वाचते. मुलांना मागे बसवायचे तर चाकाला जाळी आणि पाय ठेवायला पट्टी असू द्या. अंधारात जाणाऱ्याने मागे लाल रिफ्लेक्टर लावावा. सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही, पण घातले तर कोणी नको म्हणत नाही.

परवा तो शेतमजूर खोकल्याच्या औषधासाठी आला होता. चिठ्ठी लिहिताना काचेखालच्या कागदाकडे त्याचे लक्ष गेले. “हे काय हो, साहेब?” त्याने विचारले. मी त्याला सातही प्रश्न वाचून दाखवले. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठावं होतं.”

त्या दिवशी मी ते त्याला विचारले नव्हते.